डोईफोडे सरांचे बारा गुरुवार

१७ एप्रिल १९७४, बुधवार.

सकाळपासून ग्रंथालयाची वार्षिक मोजदाद चालू आहे. भौतिकशास्त्राची दोन कपाटं झाली, तिसरं उघडलं तेवढ्यात प्राचार्यांची चिठ्ठी आली. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी डोईफोडे सरांवर दोन पानं हवीत, परवापर्यंत, 'तुमचा त्यांचा परिचय अधिक होता म्हणून'. सर गेल्याचं पोस्टकार्ड पंधरा दिवसांपूर्वी आलं होतं. कोपरा फाडलेलं, जावयाच्या अक्षरातलं. मोजदाद थांबवली आणि लिहायला बसले. दोन पानं तासाभरात झाली. त्यांत सर साधे होते, निगर्वी होते, विद्यार्थिप्रिय होते. परत वाचलं तर ती पानं कुणाही गेलेल्या माणसावर चालली असती. फाडून टाकली. हे दुसऱ्यांदा लिहिते आहे. छापायचं की नाही ते प्राचार्यांनी ठरवावं.

तेजराव डोईफोडे आमच्याकडे भौतिकशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रयोग मांडून द्यायचे, मुलांच्या वह्या तपासायच्या आणि स्टाफरूममध्ये खुर्ची कमी पडली की उभं राहायचं. साखरखेर्ड्याचे. बी.एस्सी. झाले आणि तिथंच थांबले. पुढं का शिकले नाहीत ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अंगानं उंच, जरा पुढं झुकलेले. पांढरा सदरा, पायजमा, वरून प्रयोगशाळेचा कोट. त्या कोटाला ॲसिडनं इतकी भोकं पडली होती की धोबी तो घ्यायला नाही म्हणायचा. खिशात कायम पाटीवरच्या पेन्सिली. फळ्यापाशी खडू असला तरी ते टेबलाच्या काळ्या फरशीवर पेन्सिलीनं आकृती काढत आणि सांगून झालं की बाहीनं पुसत.

चिठ्ठ्या चिकटवायचा त्यांना नाद होता. 'हा स्टूल हलतो.' 'या बाटलीत पाणी आहे, ॲसिड नाही.' 'पंखा तीनवर करू नये, कागद उडतात.' माझ्या ग्रंथालयातही एकदा त्यांनी खिडकीला चिठ्ठी लावली: 'ही खिडकी वाऱ्याने आपोआप बंद होते, बोटे सांभाळा.' मी ती काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, सर, इथं माझ्या पाट्या लागतात. ते म्हणाले, "हाव बाई. बोट तेवढं सांभाळा." आठवड्यानं माझं बोट त्या खिडकीत सापडलं. मी त्यांना सांगितलं नाही. पट्टी पाहून त्यांनीही विचारलं नाही.

आता गुरुवारांचं. आम्हाला जवळचं विद्यापीठ म्हणजे पाच तासांच्या बसवरचं. तिथल्या भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र विभागात दर गुरुवारी दुपारी व्याख्यान असे. पाठ्यपुस्तकातलं नव्हे, विभागातला किंवा बाहेरून आलेला कुणी संशोधक सध्या आपलं काय काम चालू आहे ते मांडायचा आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारायचे. बाहेरच्या माणसाला बंदी नव्हती, पण बाहेरचं कुणी जात नसे. डोईफोडे सर जात. वर्षाला किरकोळ रजा बारा. सरांच्या बाराही रजा गुरुवारच्या, महिन्याला एक. पहाटेची बस, तीन वाजता व्याख्यान, शेवटच्या बाकावर बसून वहीत टिपण, आणि परत. मुलीच्या लग्नाच्या वर्षी रजा शिल्लक नव्हती म्हणून त्यांनी लग्नासाठी बिनपगारी रजा टाकली. मी त्यांना म्हटलं, दोन गुरुवार सोडले असते तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "लगन तं ठरल्या तारखेले होतेच बाई. तिथं काय होईन ते आधी सांगता येत नाही."

ऐकून आले की पुढच्या शनिवारी तीन वाजता ते आमच्या प्रयोगशाळेत तेच सांगत. नोटीस स्वतः लिहीत. 'सध्या काय चालू आहे', एवढीच. सुरुवात दर वेळी एकाच वाक्यानं करत: "हे माह्या डोक्यातलं नाही, ऐकून आलो. चुकलं तं माहं, बरोबर असलं तं त्याइचं."

ऐकायला वीस-पंचवीस मुलं, शिपाई सुखदेव, सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, आणि लोणारचे कौतिकराव. कौतिकराव वांगी-मिरची पिकवत आणि शनिवारच्या बाजाराला गाडीभर माल घेऊन येत. माल विकला गेला की रिकामी टोपली घेऊन थेट प्रयोगशाळेत. आमचे लेक्चरर मात्र कुणी येत नसत. त्यातल्या एका तरुण लेक्चररनं या प्रकाराला 'डोईफोडेंचं कीर्तन' असं नाव ठेवलं होतं. एकदा स्टाफरूममध्ये ते सरांच्या तोंडावरच म्हणाले. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कीर्तनात मधात प्रश्न इचारता येत नाही न सर. इथं येते. या एखाद्या शनवारी." लेक्चरर आले नाहीत, पण नावही पुन्हा घेतलं नाही.

प्रश्नांची त्यांची रीत वेगळी होती. ज्याचं उत्तर येत नसे तो प्रश्न ते वहीत विचारणाऱ्याच्या नावासकट उतरवून घेत आणि पुढच्या गुरुवारी विद्यापीठात उभे राहून विचारत. एकदा त्यांनी ठोके देणाऱ्या ताऱ्यांबद्दल सांगितलं. आकाशात काही तारे सापडलेत, घड्याळासारखे ठरल्या वेळानं रेडिओचे ठोके पाठवतात, सेकंदाला एक, असं काहीतरी. तेव्हा ते सगळीकडेच नवीन होतं. सांगून झालं तसे कौतिकराव मागून म्हणाले, "ठोके देते म्हनता तं त्याले चाबी कोन देते?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "मले नाही माहीत," आणि उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात विद्यापीठात ते उठले आणि म्हणाले, लोणारचे शेतकरी कौतिकराव यांचा प्रश्न आहे. तिथंही हसले म्हणे. पण व्याख्याता हसता हसता थांबला आणि मग अर्धा तास तेवढ्याच प्रश्नावर बोलला. सर शनिवारी आले ते बाजारातूनच कौतिकरावांना बरोबर घेऊन. "तुमी बरोबर इचारलं कौतिकराव. चाबी कोनीच देत नाही. म्हनून तो हळू होऊन राह्यला. इतका हळू की आपल्याले जन्मभर समजनार नाही, पन त्याइनं मोजलं."

कौतिकराव म्हणाले, "मंग एक दिवस बंद पडन."

"हाव, पडन."

"मले वाटलंच," असं म्हणून कौतिकरावांनी टोपली उचलली.

माझं आणि सरांचं सख्य होतं असं म्हणता येणार नाही. ग्रंथालयात दोन परदेशी मासिकं येत, तीन-चार महिने उशिरानं. ती बाहेर न्यायची नाहीत असा नियम होता आणि मी तो मोडला नाही. सर स्टुलावर बसून लेखच्या लेख हातानं उतरवत. घड्याळात साडेपाच झाले की मी दिवे घालवत असे. एकदा अर्धं वाक्य राहिलं होतं. म्हणाले, "बाई, क्रियापद राह्यलं." मी म्हटलं, सर, उद्या घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी ते क्रियापदासाठी उभे होते. हे मी तेव्हा गंमत म्हणून घरी सांगितलं होतं.

लोणारचं तळं आमच्यापासून तासाभराच्या बसवर. ते ज्वालामुखीचं की आकाशातून काही पडून झालेलं, हा वाद तेव्हा चालू होता. विद्यापीठातल्या एका गुरुवारी सरांनी असं ऐकलं की आपला काळा दगड, म्हणजे लाव्हा, थंड होताना पृथ्वीच्या चुंबकाची दिशा आपल्यात धरून ठेवतो. दगड जागचा हलला नसेल तर ती दिशा आसपासच्या दगडांशी जुळते. उपटून उलटा फेकला गेला असेल तर जुळत नाही. हे त्यांनी शनिवारी भाकरीवर सांगितलं होतं. तव्यावरची भाकर उलटली की करपलेली बाजू वर येते; तळ्याच्या काठावरचे दगड असे उलटलेले आहेत का, एवढंच पाहायचं.

आणि मग ते पाहायला लागले. तीन वर्षं, पावसाळा सोडून जवळपास दर रविवारी, लोणारची पहिली बस. कौतिकरावांचं शेत काठाच्या खालीच होतं. कुठं माती वाहून दगड उघडा पडलाय ते त्यांना माहीत. सर दगडाला हात लावण्याआधी होकायंत्र आणि पाणसळ लावून त्याच्यावर पाटीच्या पेन्सिलीनं बाण काढत: उत्तर कुठं, वरची बाजू कुठली. खाली नंबर. मग कौतिकराव पहारीनं तो दगड सोडवत. नंबर आणि जागा वहीत. असे एकशे बारा दगड झाले. बाण रंगानं का काढत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "रंगात लोखंड असते बाई. मोजनी बिघडते." कॉलेजच्या साध्या चुंबकमापकावर त्यांनी साठेक दगड मोजले. पण ते माप ढोबळ. विद्यापीठात चांगलं यंत्र होतं. तिथल्या विभागप्रमुखांनी वही पाहिली आणि म्हणाले, दगड आणा, आमच्या यंत्रावर मोजू आणि मग तुम्ही एका गुरुवारी बोला. तारीख कळवतो.

बी.एस्सी. झालेला, तालुक्याच्या कॉलेजातला डेमॉन्स्ट्रेटर त्या गुरुवारी आजवर बोललेला नव्हता. शेवटच्या बाकावरून फळ्यापाशी जायला सरांना आठ वर्षं लागली होती. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. हिशोब माझा आहे.

त्या वर्षी पदवीचं शेवटचं वर्ष सुरू करायच्या परवानगीसाठी तपासणी समिती येणार होती. सगळी इमारत स्वच्छ करून घ्यायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं, कारण माझ्यावर टाकलेलं काम होतं. ग्रंथालय, वर्ग, रसायनशाळा झाली. गुरुवारी मी सुखदेवला घेऊन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले. सर विद्यापीठात गेले होते. मागच्या कपाटात डालड्याच्या डब्यांत आणि खोक्यांत मातीनं माखलेले दगड. कपाटाच्या दारावर चिठ्ठी: 'पाणी लावू नये. ते. डो.'

ती चिठ्ठी मी वाचली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. वाचली आणि मनात म्हटलं, आणखी एक. हलणारा स्टूल, आपोआप बंद होणारी खिडकी, आणि आता न भिजणारा दगड. समिती दोन दिवसांवर आली होती. चिठ्ठी मी काढली, चुरगळली आणि केराच्या टोपलीत टाकली. सुखदेव म्हणाला, "बाई, सरले इचारू द्या." मी म्हटलं, सर उद्या येतील, समिती परवा येईल, दगड दगडच आहेत. टपात सोडा घातला. नारळाच्या शेंडीनं त्यानं एकेक दगड घासला. उन्हात वाळवले. मी स्वतः फळ्यांवर पांढरे कागद अंथरून ते लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडले. खरंच चांगले दिसत होते.

शुक्रवारी सर बस थांब्यावरून थेट ग्रंथालयात आले. असे ते कधी येत नसत, आधी प्रयोगशाळेत जात. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आपल्याले तारीख भेटली. सहा हप्त्यांनी." 'मले' म्हणाले नाहीत, 'आपल्याले' म्हणाले. मीही खूश झाले. म्हटलं, अभिनंदन सर, आणि जरा तुमची प्रयोगशाळा पाहून या, ओळखू येणार नाही.

ते गेले. मी कार्डं लावत बसले. अर्ध्या तासानं परत आले आणि बाकावर बसले.

"दगड कोनी धुतले?"

"मी. सुखदेवकडून धुवून घेतले. समिती येतेय ना."

"कपाटाले चिठ्ठी होती."

आणि मी म्हणाले, "मला नाही दिसली सर."

 ते म्हणाले, "पडली असन. डिंक पातळ झाला होता." मग म्हणाले, "बान गेले. नंबर गेले. आता कोनता दगड कुठचा आन् कोनती बाजू वर, काहीच समजत नाही." मी विचारलं, वहीत लिहिलेलं आहे ना? ते म्हणाले, "वहीत जागा आहे बाई. दगडावर नंबर नाही."

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं. त्या क्षणी खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "चहा मागवू का?"

समिती आली, खूश झाली. एका सदस्यांनी त्या चकचकीत दगडांपुढं थांबून भूगर्भशास्त्रही सुरू करायचा विचार आहे का असं विचारलं. प्राचार्य म्हणाले, विचार चालू आहे. नंतर सगळं कळल्यावर प्राचार्यांनी सुखदेवला मेमो द्यायचं ठरवलं. मी सांगितलं, त्यानं माझ्या सांगण्यावरून केलं. सरांनी सांगितलं, खुणा आपल्याच कच्च्या होत्या, कुणाला मेमो नको. म्हणजे दगड मी धुतले हे सगळ्यांना माहीत होतं. चिठ्ठीचं सुखदेव सोडून कुणाला माहीत नव्हतं. माणूस किती कबूल करायचं ते असं मोजून ठरवतो.

पुढचे तीन-चार शनिवार सर आणि कौतिकराव ते दगड जमिनीवर मांडून बसले. आकारावरून, कोपऱ्यावरून कौतिकरावांनी अकरा दगड जागेसकट ओळखले. माझा विश्वास बसला नव्हता, पण सरांनी वहीशी ताडून पाहिलं आणि कौतिकरावांनी सांगितलेल्या अकराही जागा वहीत निघाल्या. पण बाण कुणाला ओळखता येणार? मी दारातून पाहिलं तेव्हा कौतिकराव एक दगड हातात फिरवत म्हणत होते, "सर, हा असाच होता. नाई तं असा." सर म्हणाले, "राहू द्या कौतिकराव. अंदाजानं बान काढला तं मंग आपल्यात अन् गप्पात काय फरक?"

तारीख रद्द करा असं मी सुचवलं. ते म्हणाले, दिली ती तारीख पाळायची. त्या गुरुवारी मला त्याच शहरात पुस्तकखरेदीचं काम होतं. खरं तर मी ते काढलं. आम्ही एकाच बसनं गेलो.

सभागृह मोठं नव्हतं. पन्नासेक माणसं. व्याख्यानं तिथं इंग्रजीत होत. सरांनी मराठीत बोलण्याची परवानगी मागितली आणि विभागप्रमुखांनी दिली. पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेत दोन मुलं त्यांच्या बोलण्याला हसली. पुढं कुणी हसलं नाही. सरांनी भाकरीपासून सुरुवात केली, बाण कसा काढायचा ते सांगितलं, साठ दगडांची ढोबळ मापं फळ्यावर मांडली. काठावरच्या दगडांच्या दिशा एकमेकांशी जुळत नव्हत्या, खालच्या जुळत होत्या. मग खडू ठेवला आणि म्हणाले, "यावरून काही ठरत नाही. हे पक्कं करायला दगड तुमच्या यंत्रावर लावाचे होते. ते आता होत नाही. दगडावरच्या खुना पुसल्या."

एका तरुण संशोधकानं विचारलं, कशानं पुसल्या?

"पान्यानं. खुना कच्च्या होत्या. चूक माही."

"पण सूचना लावली नव्हती का?"

"लावली होती," सर म्हणाले, "नीट चिकटवली नव्हती."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून बोलायला मला बंदी नव्हती; तिथं कुणीही उठून बोलत होतं, लोणारच्या शेतकऱ्याचा प्रश्न तिथं विचारला गेला होता. मी मांडीवरची पुस्तकांची यादी नीट घडी घालून पिशवीत ठेवली.

विभागप्रमुख चांगले गृहस्थ होते. म्हणाले, पद्धत बरोबर आहे, पुन्हा दगड आणा, आम्ही थांबू. व्याख्यानानंतर तिथली एक विद्यार्थिनी दर वेळी नोंदवहीत चार ओळी लिहायची आणि वक्त्याची सही घ्यायची. तिनं लिहिलं ते मी सरांच्या खांद्यावरून वाचलं. विषय, नाव, गाव, आणि शेवटी: 'वक्त्याने नमुन्यांवरील खुणा कच्च्या केल्यामुळे नमुने निरुपयोगी. निष्कर्ष नाही.' सरांनी वाचलं आणि सही केली. पाटीच्या पेन्सिली खिशात घालून फिरणाऱ्या माणसाची सही शाईत फार सुबक होती.

परतीच्या बसमध्ये पाच तास होते. सर खिडकीशी बसले आणि आधीच्या महिन्यात ऐकलेल्या कुठल्याशा किरणांबद्दल मला समजावून सांगत होते. मी हं हं म्हणत होते. पाच तास पुरेसे असतात.

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी चुन्यात डिंक घालून बाण काढू लागले. तीसेक दगड झाले असतील. मग दुष्काळाचं वर्ष आलं, कौतिकराव सरकारी दुष्काळी कामांवर जायला लागले, आणि सरांच्या गुडघ्यांनी काठ चढायला नकार दिला. गुरुवार मात्र चालू राहिले. मध्यंतरी शास्त्रज्ञांनी तळ्यात बोअर घेतलं आणि ते आकाशातूनच काही पडून झालं याचे पुरावे मिळाले. सर ते ऐकून आले आणि शनिवारी इतक्या आनंदानं सांगू लागले की मला बसवेना. एक मुलगा म्हणाला, सर, हे तं तुमाले आधीच माहीत होतं.

"माहीत नव्हतं बे," सर म्हणाले. "वाटत होतं. वाटनं अन् माहीत असनं, दोन्हीत लय फरक हाय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांनी, आमच्याच बस थांब्यावर. पेन्शनच्या कागदांसाठी आले असावेत. साखरखेर्ड्याची बस लागली होती आणि ते आत बसले होते. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला तेव्हा त्यांनी त्याला थांबवून खिडकीबाहेर कशाकडं तरी बोट दाखवलं. कंडक्टर वाकून पाहू लागला. मागचे लोक ओरडत होते. मी खिडकीखाली गेले. सर म्हणाले, "बाई, बऱ्या आहा न?" मी म्हटलं, "सर, तुमच्याशी बोलायचं होतं." ते म्हणाले, "बोला न." बस सुरू झाली होती, पण हलली नव्हती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी आलात की या ग्रंथालयात." ते म्हणाले, "येतो." कंडक्टरनं घंटी मारली.

एवढंच लिहायचं होतं. संध्याकाळ झाली आहे. मोजदादीचं तिसरं कपाट तसंच उघडं आहे, ते आता बंद करते.

१८ एप्रिल, गुरुवार.

पहाटेच्या बसनं निघाले, साडेदहाला विभागात पोचले. विभागप्रमुख नवे आहेत आणि बाहेरगावी होते. नोंदवह्या कार्यालयातल्या मुख्य कारकुनांकडे. मी ग्रंथपाल असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी जुनी वही काढून दिली. पान सापडायला वेळ लागला नाही. ते म्हणाले, जुन्या नोंदीत बदल करता येणार नाही. मी म्हटलं, बदल नको, खाली तारीख घालून पुस्ती जोडायची आहे. वक्त्यांची संमती? ते वारले. मग आता याचा उपयोग काय? मी म्हटलं, नोंद बरोबर होईल. त्यांनी दौत पुढं सरकवली.

मी लिहिलं: 'वरील नोंदीतील दोष वक्त्यांचा नव्हे. पाणी लावू नये अशी त्यांची सूचना कपाटावर नीट चिकटवलेली होती. ती नजरचुकीने काढली जाऊन दगड धुतले गेले.' सही केली, पद लिहिलं, आणि वही परत द्यायच्या आधी एकदा वाचली. पंचवीस वर्षं कार्यालयीन पत्रं लिहिल्याचा हात. शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याच्या वर लिहिलं: 'ती वाचूनही मी काढून टाकली आणि दगड धुवून घेतले.' खोडलेल्या जागी समासात पुन्हा सही केली.